पासिंग कुठलं?

अकरा म्हटलं की सातारा, नऊ म्हटलं की कोल्हापूर, बारा म्हटलं की पुणे. महाराष्ट्रात गाडी कुठली हे विचारायचं तर 'पासिंग कुठलं?' असं विचारतात आणि उत्तर गावाच्या नावाऐवजी नंबरपाटीवरच्या 'एमएच'पुढच्या आकड्यात मिळतं. हे आकडे चिठ्ठ्या टाकून वाटलेले नाहीत. नकाशा समोर ठेवून बोट फिरवा. ०१ ते ०३ मुंबई, ०४ ठाणे, ०५ कल्याण, ०६ रायगड. मग बोट थेट तळकोकणात उतरतं, ०७ सिंधुदुर्ग, आणि एक पाऊल मागे येऊन ०८ रत्नागिरी घेतं. घाट चढला की ०९ कोल्हापूर आणि तिथून उत्तरेकडे सांगली, सातारा, पुणे. सोलापूर १३, पिंपरी-चिंचवड १४. नाशिकपासून जळगावपर्यंत १५ ते १९, मराठवाडा २० ते २६, आणि अमरावतीपासून पुढे विदर्भ, भंडाऱ्याच्या ३६ पर्यंत.

इथे क्रम तुटतो. ३७ वाशीम, ३८ हिंगोली, ३९ नंदुरबार. तीन जिल्हे तीन टोकांना, मग आकडे शेजारी कसे? कारण तिन्ही जिल्हे १९९८-९९ मध्ये झाले आणि तोवर आधीचे आकडे वाटून संपले होते. चाळिशीनंतर जिल्ह्यांचा हिशेबच सुटला. नागपूर ग्रामीण ४०, मालेगाव ४१, बारामती ४२, नवी मुंबई ४३, पनवेल ४६, बोरिवली ४७, वसई ४८, कराड ५०. गाड्या इतक्या वाढल्या की एका आरटीओतून दुसरं कार्यालय फोडावं लागलं, आणि प्रत्येक नव्या कार्यालयाला पुढचा मोकळा आकडा मिळाला. नागरीकरण कुठे झालं ते या आकड्यांवरून कळतं.

ही 'राज्य, कार्यालय, अक्षरं, चार अंक' अशी मांडणी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याबरोबर आली. कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधी १९३९ चा कायदा होता आणि त्याच्याही आधी १९१४ चा. जुन्या पद्धतीत तीन अक्षरं आणि पुढे चार अंकांपर्यंत क्रमांक असायचा. मुंबई राज्याच्या काळात मुंबईच्या गाड्यांची अक्षरं 'बी'पासून सुरू व्हायची, महाराष्ट्र झाल्यावर 'एम'ची अक्षरं आली. जुन्या हिंदी-मराठी सिनेमातली फियाट 'एमआरएक्स' किंवा 'एमएमयू' असं काहीतरी मिरवत जाते ती यामुळे. गोव्यात 'जीडी'ने सुरू होणारी अक्षरं होती, म्हणजे गोवा, दमण. आता तिथे 'जीए': ०१ पणजी, ०२ मडगाव, ०३ म्हापसा. जुन्या पद्धतीची अडचण अशी की तीन अक्षरांमध्ये राज्य कुठे संपतं आणि जिल्हा कुठे सुरू होतो हे परक्या राज्यातल्या पोलिसाला कळायचंच नाही. नव्या मांडणीत पहिली दोन अक्षरं राज्याची, एवढं पाठ असलं की काम भागतं.

ती दोन अक्षरंही स्थिर नाहीत बरं का. उत्तरांचलचं उत्तराखंड झालं आणि 'यूए'चं 'यूके' झालं. ओरिसाचा 'ओआर' गेला आणि ओडिशाचा 'ओडी' आला. तेलंगणला २०१४ मध्ये 'टीएस' मिळालं होतं, ते २०२४ मध्ये 'टीजी' झालं. जुन्या पाट्या मात्र तशाच चालू राहतात. त्यामुळे आज हैदराबादच्या एकाच सिग्नलला 'एपी', 'टीएस' आणि 'टीजी' अशा तीन पिढ्या शेजारी उभ्या दिसतात.

मधली अक्षरं म्हणजे मालिका. एका मालिकेत १ ते ९९९९ क्रमांक. आधी एक अक्षर, ती संपली की दोन. 'आय' आणि 'ओ' सहसा वगळतात, कारण लांबून ती १ आणि ० सारखी दिसतात. उरली २४ अक्षरं. दोन अक्षरांच्या ५७६ मालिका होतात, म्हणजे एका कार्यालयाला ५७ लाखांहून जास्त क्रमांक. दिल्लीने वेगळी वाट धरली. तिथे कार्यालयाच्या आकड्यानंतर वाहनाच्या प्रकाराचं एक अक्षर येतं, चारचाकीला 'सी', दुचाकीला 'एस'. म्हणून 'डीएल ३ सी' वाचलं की मोटार आहे हे गाडी न बघता कळतं.

रंगांचं प्रकरण जास्त मजेशीर आहे, कारण ते मध्येच उलटंपालटं झालं. आज खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि टॅक्सी-ट्रकला पिवळ्यावर काळी. २००१ च्या बदलाआधी खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असायची, तर पांढरी पाटी असायची ती भाड्याच्या गाडीला. म्हणजे १९८० च्या एखाद्या सिनेमात पांढऱ्या पाटीची गाडी दिसली तर ती शेठजींची समजू नका, टॅक्सीची आहे. आणि आज हौसेने जुन्या फियाटला काळी पाटी लावून फिरवणाऱ्याला पोलिसाने अडवलं तर पोलीस बरोबर आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये 'व्हीए' ही वेगळी मालिका आली. आधीपासून नोंदलेल्या व्हिंटेज गाडीला आपला मूळ क्रमांकच ठेवता येतो. रंग मात्र आजचा लागतो.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली तर गाडी स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेली आहे. गोव्यात पर्यटकांच्या हातातल्या स्कूटरवर हाच रंग असतो. पांढऱ्या पाटीची स्कूटर कुणी स्वस्तात भाड्याने देऊ लागलं तर ती खासगी नोंदणीची आहे. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवते. हिरवी पाटी विजेच्या गाडीची, २०१८ पासून. अक्षरं पांढरी असतील तर खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे वितरकाच्या ताब्यातली गाडी, आणि पिवळ्यावर लाल म्हणजे तात्पुरती नोंदणी. मुंबईत निळ्या पाटीवर पांढरा 'सीसी' दिसतो तो परदेशी वाणिज्य दूतावासाचा. 'सीडी' म्हणजे राजदूतावास, तो बहुतेक दिल्लीत. लष्कराच्या पाटीवर वर रोखलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन अंक गाडी खरेदी केल्याचं वर्ष सांगतात. त्या गाड्यांची नोंदणी संरक्षण खातं करतं, आरटीओ नव्हे. राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या गाड्यांवर क्रमांकाऐवजी नुसती राजमुद्रा असायची. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचीही नोंदणी करायला सांगितलं.

आता मापं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५० पाटी कुठे आणि कशी लावायची ते सांगतो, नियम ५१ अक्षरांची मापं देतो. मोटारीच्या अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० आणि दोन अक्षरांमधली फट १०. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षरं ३५ आणि अंक ४० मिलिमीटर उंच, दोन्हीची जाडी ७ आणि फट ५. पुढच्या बाजूला ३०, ५ आणि ५. व्यावसायिक वाहनावर क्रमांक पुढे-मागे तर हवाच, शिवाय गाडीच्या डाव्या-उजव्या अंगावरही. मागच्या पाटीवर रात्री दिवा पडला पाहिजे. तो चिमुकला बल्ब गेलेला महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही, पण नियमाच्या दृष्टीने ती पाटी रात्री अस्तित्वातच नाही.

या मापांकडे रेडियमवाल्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. गिऱ्हाईक म्हणेल तसं अक्षर तिरकं, बारीक किंवा फुगीर कापून द्यायचं. त्यात महाराष्ट्राची स्वतःची कला उभी राहिली. ४१४१ चे इंग्रजी अंक असे वळवायचे की चारचा 'द' व्हावा आणि एकचा काना, म्हणजे झालं 'दादा'. २१४ चं 'राम'. ८०५५ चं 'बॉस', आठचा 'बी' आणि पाचाचा 'एस' करून. कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते, पण पाटीचं काम दोन सेकंदांत, साठच्या वेगात, पावसात वाचता येणं हे आहे. ४१४१ वाचणाऱ्याला 'दादा' दिसला आणि क्रमांक दिसला नाही तर धडक देऊन पळालेली गाडी सापडत नाही. देवनागरी पाटीचाही प्रश्न हाच. नियमात इंग्रजी अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय अंक हवेत असं स्पष्ट म्हटलंय. मराठीचा अभिमान गाडीवर इतर कुठेही लिहायला जागा आहे. पाटीवर लिहिला तर दंड होतो, आणि कॅमेऱ्याला तो वाचताही येत नाही.

हातकापी पाटीला पर्याय म्हणून जी सरकारी पाटी आली तिला सगळे एचएसआरपी म्हणतात, म्हणजे हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट. अधिसूचना मार्च २००१ ची. निविदांवरून वाद झाले, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निविदेच्या अटी वैध ठरवल्या, तरी राज्यं हलेनात. २०११-१२ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले. अखेर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर ही पाटी देणं कंपनीवर बंधनकारक झालं. त्याआधीच्या गाड्यांना ती लावून घेण्याची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली २०२४ च्या शेवटी, आणि पुढे तिची मुदत इतक्या वेळा वाढली की लोकांनी शेवटच्या तारखेला घाबरणं सोडून दिलं.

पाटी जवळून बघा. एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, कोपरे गोल. वर प्रकाश परतवणारा थर. अक्षरं पत्र्यातूनच उठवलेली, आणि त्या उठावावर गरम दाबाने काळी फिल्म बसवलेली. फिल्म तिरकी धरून पाहिली की तिच्यात ४५ अंशांत 'इंडिया' लिहिलेलं दिसतं. डाव्या वरच्या कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचा क्रोमियमचा होलोग्राम, त्यात अशोकचक्र. त्याच्या खाली, डाव्या कडेला निळ्या रंगात 'आयएनडी'. अगदी खाली डावीकडे लेझरने कोरलेला बारीक क्रमांक. पुढच्या आणि मागच्या पाटीचा लेझर क्रमांक वेगवेगळा असतो. इथेच पुष्कळजण दचकतात आणि चुकीची जोडी मिळाली समजून तक्रार करतात. चूक नाही, तसंच हवं. चारचाकीला तिसरी पाटीही असते, ती म्हणजे पुढच्या काचेला आतून डावीकडे चिकटवलेला १०० बाय ६० मिलिमीटरचा स्टिकर. त्यावर दोन्ही पाट्यांचे लेझर क्रमांक, इंजिन आणि चासी क्रमांक असतो. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी, बाकीच्यांना करडा. प्रदूषणाच्या बीएस-सहा निकषातली गाडी असेल तर वर एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी.

पाटीच्या मापातच जास्त घोळ होतात. मोटारीसाठी दोन मापं आहेत, ५०० बाय १२० ची लांबोडी आणि ३४० बाय २०० ची चौकोनी. बऱ्याच गाड्यांना पुढे लांब आणि मागे डिकीच्या खोबणीत चौकोनी लागते. दुचाकीला मागे २०० बाय १००, पुढे २०० बाय १०० किंवा २८५ बाय ४५. मागणी नोंदवताना गाडीचं मॉडेल चुकलं तर ५०० ची पाटी ३४० च्या खोबणीसमोर येऊन उभी राहते, आणि मग फिटिंगवाला ती वाकवून बसवू का विचारतो. बसवू देऊ नका. वाकवलेल्या जागी फिल्म सुटते आणि पहिल्याच पावसाळ्यात अक्षराची कड पांढरी पडते.

माझ्या मते या सगळ्यात कामाची वस्तू एकच आहे, स्नॅप लॉक. मागची पाटी स्क्रूने लावायचीच नाही. किमान दोन असे खिळे ठोकायचे की ते एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाहीत. होलोग्राम लांबून कुणी बघत नाही, लेझर क्रमांक वाचायला वाकावं लागतं, 'इंडिया' शोधायला तर चष्मा लागतो. पण चोराला पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावायची असेल तर लॉक तोडावं लागतं, आणि तुटलेलं लॉक लांबूनही दिसतं. म्हणूनच चिडचिड होते ती गॅरेजमधल्या सवयीची. बंपर काढायचा म्हणून लॉक फोडतात, काम झालं की दोन स्क्रू मारून देतात आणि मालकाला सांगतही नाहीत. पाटी अस्सलच राहते, पण तिची सुरक्षितता गेलेली असते. बंपर किंवा डिकीचं काम करून गाडी परत घेताना मागे वाकून दोन्ही लॉक जागेवर आहेत का हे पाहा. नसतील तर अधिकृत केंद्रावरून नवीन बसवून घ्या.

जुन्या गाडीला पाटी मागवताना परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच जा, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या दुव्यावरून नको. नोंदणी क्रमांक, चासी क्रमांकाचे शेवटचे पाच आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं लागतात. महाराष्ट्रातले दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५००, बाकी सगळ्यांना ७४५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे अनुक्रमे ५३१, ५९० आणि ८७९ रुपये. घरी येऊन बसवून हवी असेल तर त्याचे वेगळे.

मागणी अडते ती बहुधा 'माहिती जुळत नाही' या संदेशावर. त्याचं कारण पाटीत नसतं, वाहन नावाच्या सरकारी नोंदवहीत असतं. जुन्या आरसी बुकातून संगणकात उतरवताना चासी क्रमांकात 'बी'चा आठ झालेला असतो, किंवा 'एस'चा पाच. आधी आरसीवरचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा. गाडीवर बरोबर आणि नोंदीत चूक असेल तर आरटीओत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, पाटीवाल्याशी भांडून काही होत नाही. दुसरं कारण मोबाइल क्रमांक. गाडी तिसऱ्या मालकाकडे आहे आणि नोंदीत पहिल्याचा मोबाइल, तर ओटीपी त्याच्याकडे जातो. दंडाचे संदेशही त्यालाच जातात, म्हणून तुम्हाला वाटतं की कॅमेऱ्याने कधी पकडलंच नाही.

रस्त्याकडेला 'एचएसआरपीसारखी' पाटी दोन-तीनशेत मिळते. उठावाची अक्षरं, निळं 'आयएनडी', चकचकीत गोल स्टिकर, सगळं असतं. नखाने होलोग्रामची कड खरवडून पाहा, स्टिकर असेल तर उचलला जाईल. पण खरी तपासणी ती नव्हेच. अस्सल पाटी बसवली की तिचे दोन्ही लेझर क्रमांक तुमच्या गाडीच्या नावावर नोंदवहीत चढतात. रस्त्यावरची पाटी कितीही हुबेहूब केली तरी ती नोंद होत नाही.

राज्य बदलणाऱ्यांसाठी थोडं. पुण्याची गाडी बेंगळुरूला बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर कलम ४७ नुसार तिथला क्रमांक घ्यावा लागतो. मूळ आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत, कर्ज असेल तर बँकेचंही पत्र, तिथे उरलेल्या वयाचा कर, मग नमुना २७ वर नव्या क्रमांकासाठी अर्ज. नंतर मूळ राज्याकडे कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करायचा, आणि तो नव्या नोंदणीचा पुरावा हातात आल्याशिवाय होत नाही. या फेऱ्यातून सुटण्यासाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच', म्हणजे भारत, मालिका आली. आधी पहिल्या नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग बीएच, मग चार अंक, शेवटी अक्षरं. सैन्यातले, केंद्र-राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसंच ज्या खासगी कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं आहेत तिचे कर्मचारी तिला पात्र. खासगी नोकरदाराला कंपनीकडून नमुना ६०, म्हणजे नोकरीचा दाखला, आणावा लागतो. कर एकरकमी नाही, दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत. दहा लाखांपर्यंत ८ टक्के, वीसपर्यंत १०, त्यावर १२. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन कमी. हा टक्का पंधरा वर्षांचा धरून त्यातला दोन वर्षांचा भाग भरायचा असतो. दोन वर्षांनी आठवण ठेवून भरावा लागतो, आणि सात दिवस उलटले की रोज १०० रुपये दंड चढतो. बदलीची नोकरी नसलेल्याने नुसत्या हौसेने बीएच घेऊ नये असं मी म्हणेन. गाडी विकताना घेणारा बीएचला पात्र नसेल तर स्थानिक क्रमांक आणि स्थानिक कर यांचा घोळ पुन्हा तुमच्याच दारात येतो.

कोणत्याही कारणाने क्रमांक बदलला तर नवी पाटी बसली म्हणजे काम झालं असं नाही. विम्याच्या पॉलिसीवर नवा क्रमांक चढवून घ्या, पीयूसी नव्याने काढा, फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिच्याकडे आरसी पाठवून बदल करा. टॅगमधला क्रमांक आणि पाटीवरचा क्रमांक जुळला नाही तर टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो. पाटी मोडली असेल तर मोडकी पाटी केंद्रावर जमा करावी लागते, ती तिथे नष्ट करतात. घरी आठवण म्हणून ठेवता येत नाही. हरवली किंवा चोरीला गेली असेल तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार. त्या तक्रारीच्या प्रतीशिवाय नवीन पाटीची मागणी पुढे सरकत नाही. आणि तक्रारीत क्रमांकाबरोबर हरवलेल्या पाटीचा लेझर क्रमांकही लिहायला लावा. काचेवरच्या स्टिकरवर तो छापलेला असतो. दुचाकीला स्टिकर नसतो, म्हणून पाटी बसवली त्याच दिवशी दोन्ही क्रमांकांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.